जिवाणूंचे तंतू, त्यांचं सरकणं आणि डीएनए आत ओढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांतले सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणारे शाळांचे शिक्षक, पॅथॉलॉजी लॅबमधली मंडळी आणि वांगी, कपाशी, केळी लावणारे शेतकरी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. जिवाणूच्या अंगावर 'केस' असतात असं पुस्तकात लिहिलंय. ते खरंच केस असतात का?

नाही. ते प्रथिनाचे तंतू असतात. एकाच प्रकारच्या प्रथिनाचे हजारो रेणू सर्पिल वळणाने एकावर एक रचले जातात आणि त्याचा तंतू होतो. पेशीला हवे तेव्हा हे रेणू पुन्हा सुटेही होऊ शकतात. या पानावरची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

तंतू अनेक जातींचे असतात. कशाभिका (फ्लॅजेलम), म्हणजे पोहण्याचा तंतू, सर्वांत जाड, सुमारे २० नॅनोमीटर. बाकीच्या बारीक तंतूंना पिलस म्हणतात, अनेक असले की पिलाय. टाइप वन पिलाय चिकटण्यासाठी असतात. मूत्रमार्गाचा संसर्ग करणारा ई. कोलाय त्यांच्याच टोकाने मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज साखर पकडून बसतो. आणि टाइप फोर पिलाय: जाडी ६ ते ८ नॅनोमीटर, लांबी मात्र कित्येक मायक्रोमीटर, म्हणजे पेशीपेक्षाही जास्त. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात, त्यावरून बारीकपणाचा अंदाज घ्या. आपला विषय मुख्यतः हा टाइप फोर पिलस आहे, कारण हालचाल आणि डीएनए या दोन्ही ठिकाणी तोच हजर असतो.

२. कशाभिका आणि पिलस यांत फरक काय? पेपरात हमखास येतं.

कशाभिका फिरते, टाइप फोर पिलस लांबतो आणि आखडतो. दोन मार्कांसाठी एवढं पुरे, पण समजण्यासाठी थोडं पुढे जाऊ.

कशाभिकेच्या मुळाशी फिरणारी मोटर असते. ती बहुतेक जिवाणूंत हायड्रोजन आयनांच्या प्रवाहावर चालते, कॉलऱ्याच्या व्हिब्रिओत सोडियम आयनांवर. ती वळवळत नाही, चाकासारखी गोल फिरते, हे १९७४ साली सिल्व्हरमन आणि सायमन यांनी फार सुंदर पद्धतीने दाखवलं. त्यांनी कशाभिकाच काचेला चिकटवून टाकली. तंतू जागचा हलेना, तेव्हा अख्खी पेशीच त्याच्याभोवती गरगरा फिरू लागली.

पिलसची मोटर फिरवून ढकलत नाही. ती एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून तंतू बांधते आणि मोडते. कशाभिकेवर पोहणारा ई. कोलाय सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर जातो. पिलसवर सरकणारा जिवाणू सेकंदाला जेमतेम एक मायक्रोमीटर. शिवाय पोहायला पातळ द्रव लागतो, पिलसला पकडायला पृष्ठभाग लागतो.

३. पिलसने जिवाणू पुढे सरकतो तो नेमका कसा?

विहिरीत पडलेली बादली काढायला आपण दोराला गळ बांधून आत सोडतो. गळ बादलीत अडकला की दोर ओढायचा, बादली वर येते. पण तोच गळ विहिरीच्या बांधकामातल्या दगडात अडकला आणि आपण जोर लावला, तर दगड हलत नाही, आपणच काठाकडे खेचले जातो. दोर तोच, ओढणंही तेच. टोकाला काय अडकलं त्यावर ठरतं की कोण कुणाकडे जाणार. पिलसचं सगळं वागणं या एका वाक्यात येतं, आणि ते प्रश्न ६ मध्ये पुन्हा लागणार आहे.

आता यंत्रणा पाहू. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला आतलं आणि बाहेरचं अशी दोन पटलं (पातळ आवरणं) असतात. त्याच्यात तंतूचे सुटे रेणू, म्हणजे पिलिन, आतल्या पटलात पडून असतात. पटलाच्या आतल्या बाजूला पिल-बी नावाचं प्रथिन एटीपी मोडतं आणि त्या जोरावर एकेक पिलिन तंतूच्या बुडाशी जोडला जातो. तंतू बुडाकडून वाढतो, टोकाकडून नाही. हे विद्यार्थी हमखास उलटं लिहितात. वाढता तंतू बाह्य पटलातल्या पिल-क्यू नावाच्या भोकातून बाहेर पडतो आणि त्याचं टोक कुठेतरी चिकटतं: काच, प्लास्टिक, मातीचा कण, घशातली पेशी किंवा शेजारचा जिवाणू.

मग पिल-टी हे दुसरं प्रथिन काम हाती घेतं. तेही एटीपी मोडतं, पण उलट दिशेने: बुडाशी जोडलेले पिलिन सुटे करून पुन्हा पटलात सोडतं. सेकंदाला साधारण हजार रेणू सुटतात, तंतू आखडतो आणि पेशी टोकाच्या दिशेने खेचली जाते. सुटलेले पिलिन वाया जात नाहीत, पुढच्या तंतूला वापरले जातात.

एकाच वेळी अनेक तंतू वेगवेगळ्या दिशांना ताणलेले असतात. एखादा सुटला की पेशी झटक्याने दुसरीकडे ओढली जाते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ही चाल गुळगुळीत दिसत नाही, धक्क्याधक्क्यांची दिसते. तिला ट्विचिंग म्हणतात.

४. तंतू आत ओढला जातो हे प्रत्यक्ष कुणी पाहिलंय, की नुसता अंदाज आहे?

पाहिलंय. पण त्याला वेळ लागला. १९६१ साली लाउट्रॉप यांनी असिनेटोबॅक्टर नावाच्या जिवाणूत ही धक्क्याची चाल नोंदवली, तेव्हा ती कशामुळे होते हे ठाऊक नव्हतं. १९८० साली ब्रॅडली यांनी सुडोमोनास या दुसऱ्या जिवाणूवर काम करून मांडलं की पिलस आखडतो आणि त्याने पेशी खेचली जाते. तंतू डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे पुरावा अप्रत्यक्षच होता.

२००० साली मेर्झ, सो आणि शीट्झ यांनी गनोरियाच्या जिवाणूवर लेझर चिमट्याने प्रयोग केला. जिवाणू प्रकाशाच्या चिमट्यात धरला की पिलस त्याला कुठे आणि किती ओढतो ते मोजता येतं. पिल-टी काढून टाकलं तर ओढ बंद. पुढच्याच वर्षी स्कर्कर आणि बर्ग यांनी सुडोमोनासच्या तंतूंना चमकणारा रंग लावला आणि तंतू बाहेर येतो, चिकटतो, ताणला जातो, आत जातो हे सगळं थेट चित्रित केलं.

५. इतक्या बारीक तंतूत जोर तरी किती असणार?

एका पिलसच्या ओढीचा जोर १०० पिकोन्यूटनच्या वर मोजला गेला आहे (न्यूटन हे बलाचं एकक; हजार पिकोन्यूटनचा एक नॅनोन्यूटन). जिवाणूचं वजन पाहा: एक घन मायक्रोमीटरची पेशी धरली तर तिच्यावर गुरुत्वाचा ओढा सुमारे ०.०१ पिकोन्यूटन. म्हणजे एक तंतू स्वतःच्या पेशीच्या वजनाच्या दहा हजार पट जोर लावतो. गनोरियाच्या जिवाणूत अनेक तंतूंचा जुडगा एकदम आखडला तर जोर नॅनोन्यूटनमध्ये जातो. जिवंत जगात सापडलेल्या सर्वांत ताकदवान रेणू-यंत्रांत पिल-टीची गणना होते, आणि मला ती अगदी योग्य वाटते.

६. हाच तंतू बाहेरचा डीएनए आत घेतो असं वाचलं. सरकायचा तंतू डीएनए कसा घेईल?

प्रश्न ३ मधला गळ आठवा. टोकाला दगड अडकला तर पेशी हलते. टोकाला पाण्यात तरंगणारा डीएनएचा सुटा धागा अडकला तर पेशी जागेवर राहते आणि डीएनए तिच्याकडे येतो. जिवाणूला यासाठी वेगळं बळ शोधावं लागलेलं नाही.

डीएनए पिलसला चिकटतो हे बऱ्याच प्रयोगांतून पुढे आलं होतं. चालतं चित्र मिळालं २०१८ साली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात अंकुर दालिया यांच्या प्रयोगशाळेने कॉलऱ्याच्या व्हिब्रिओवर हे काम केलं. पिलिनमध्ये एका जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल बसवायचं, मग त्यालाच जुळणारा चमकणारा रंग लावायचा. डीएनएला वेगळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की पिलस बाहेर जातो, त्याचं टोक डीएनएला स्पर्श करतं, आणि तंतू आखडताना डीएनए पेशीच्या पृष्ठभागापर्यंत ओढला जातो. पकड टोकाशीच असते, तंतूच्या मधल्या भागात नाही.

पिलसचं काम मात्र इथेच संपतं, हे नीट लक्षात ठेवा. तो डीएनए फक्त बाह्य पटलातून आत आणून देतो. दोन पटलांमधल्या जागेत कॉम-ईए नावाचं प्रथिन तो धरतं आणि मागे सरकू देत नाही. आतल्या पटलात कॉम-ईसी ही वाहिनी आहे. तिच्यातून दुहेरी डीएनएचा फक्त एक धागा पेशीत शिरतो, दुसऱ्याचे तुकडे होतात. या सगळ्या क्रियेला नैसर्गिक ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात.

७. बाहेर इतका डीएनए येतो तरी कुठून?

मेलेल्या पेशींतून. जिवाणू फुटला की त्याचा डीएनए आजूबाजूला सांडतो. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण तो धरून ठेवतात आणि त्याला तोडणाऱ्या विकरांपासून काही काळ वाचवतात. बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा बुळबुळीत थर, त्यात तर बाहेर पडलेला डीएनए थराला बांधून ठेवण्याचंही काम करतो.

काही जिवाणू मात्र वाट पाहत बसत नाहीत. २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की कॉलऱ्याचा व्हिब्रिओ ज्या परिस्थितीत डीएनए घ्यायला तयार होतो, त्याच परिस्थितीत टाइप सिक्स नावाचं भाल्यासारखं हत्यारही चालवतो. शेजारच्या परक्या जिवाणूला भोसकतो आणि त्याचा सांडलेला डीएनए ओढून घेतो.

८. डीएनए आत आला म्हणजे तो गुण जिवाणूत आलाच का?

नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आलेला धागा तुटतो आणि त्याचे सुटे भाग पेशी कच्चा माल म्हणून वापरते. गुण टिकायचा तर डीपीआर-ए आणि रेक-ए या प्रथिनांनी तो धागा सांभाळून जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएमधल्या मिळत्याजुळत्या जागी बसवावा लागतो. मिळतीजुळती जागाच नसेल तर तो बसत नाही. म्हणून जवळच्या जातीचा डीएनए जास्त वेळा टिकतो, दूरच्याचा क्वचित.

'डीएनए घेतला' आणि 'गुण घेतला' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तोंडी परीक्षेत यावर विद्यार्थी फार अडकतात.

९. सगळेच जिवाणू हे करतात का? आणि नेहमी करतात का?

दोन्हींचं उत्तर नाही. ऐंशीच्या आसपास जाती नैसर्गिकरीत्या डीएनए घेताना दिसल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठरावीक वेळीच घेतात. या तयारीच्या अवस्थेला कॉम्पिटन्स म्हणतात.

ती कधी येते हे जातीगणिक बदलतं. गनोरियाचा जिवाणू जवळपास कायमच तयार असतो. न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनियाचा जिवाणू, एक छोटा पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) बाहेर सोडतो, आणि तो पुरेसा साचला की तयार होतो. व्हिब्रिओला कायटिन लागतं, म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या कवचातला पदार्थ. हे २००५ साली कळलं. समुद्रात कवचांवर जिवाणूंची दाटी असते, त्यामुळे डीएनए मिळण्याची शक्यताही तिथे जास्त.

या साऱ्याची सुरुवात न्यूमोकॉकसपासून झाली, हे अभ्यासक्रमात आहेच. १९२८ साली ग्रिफिथ यांच्या उंदरांत निरुपद्रवी जिवाणू मारक झाले, १९४४ साली एव्हरी, मॅकलिओड आणि मॅकार्टी यांनी तो बदल घडवणारा पदार्थ डीएनए आहे हे सिद्ध केलं. पण डीएनए त्या पेशीच्या आत शिरण्याची सुरुवात कशाने होते हे त्यानंतर कितीतरी दशकं अंधारात होतं. न्यूमोकॉकसच्या अंगावर डीएनए धरणारा पिलस दिसला तो २०१३ साली. ग्रिफिथचा प्रयोग शिकवताना ही दुसरी तारीखही फळ्यावर लिहावी, असं मी शिक्षकांना आवर्जून सांगतो.

१०. कोणताही डीएनए चालतो, की निवड असते?

काहींची निवड कडक असते. गनोरिया आणि मेनिंजायटिसचे नायसेरिया डीएनएवर दहा अक्षरांची एक ठरावीक खूण शोधतात: जी-सी-सी-जी-टी-सी-टी-जी-ए-ए. ही खूण त्यांच्या स्वतःच्या जीनोममध्ये (संपूर्ण डीएनएत) सुमारे दोन हजार ठिकाणी पसरलेली आहे, म्हणून त्यांना आपल्याच गोतातला डीएनए ओळखू येतो. ती ओळखणारं कॉम-पी हे प्रथिन पिलसचाच एक दुय्यम घटक आहे. हिमोफिलस इन्फ्लुएंझाचीही स्वतःची खूण आहे. असिनेटोबॅक्टर, न्यूमोकॉकस, व्हिब्रिओ यांना असली अट नाही, ते मिळेल तो डीएनए ओढतात. ओढलेलं टिकेल की नाही, ते प्रश्न ८ मध्ये.

११. सेक्स पिलस म्हणतात तो हाच का?

नाही. ई. कोलायचा एफ पिलस हे वेगळं यंत्र आहे, टाइप फोर स्रवण यंत्रणेचं. नावात 'टाइप फोर' दोन्हीकडे येतं म्हणून गोंधळ होतो. एफ पिलस जिवंत देणाऱ्या पेशीवर असतो आणि घेणाऱ्या पेशीला जवळ आणतो, त्याला कॉन्जुगेशन म्हणतात. टाइप फोर पिलस घेणाऱ्या पेशीवर असतो आणि सांडलेला डीएनए उचलतो. देणारा जिवंत असण्याची गरज नाही.

१२. सर, आमना वावरमा बी ह्या जंतू शेतस का? वांगाले मर लागस, तो बी यास्नामुयेच का?

हो भाऊ, शेतस. मातीत असे जिवाणू भरपूर असतात आणि त्यातले बहुसंख्य पिकाला काही करत नाहीत.

वांग्याची मर बुरशीनेही येते आणि जिवाणूनेही. जिवाणूची असेल तर तो राल्स्टोनिया सोलॅनासिअरम असतो. ओळखायची रीत सोपी आहे. नुकतंच कोमेजलेलं झाड घ्या, जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा धारदार विळ्याने कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक जेमतेम बुडेल असा लटकवा. ग्लास हलवू नका. जिवाणूची मर असेल तर थोड्या वेळात कापलेल्या भागातून दुधासारखी पांढरट धार खाली उतरताना दिसते. ती धार म्हणजे खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत ठासलेले जिवाणू आणि त्यांचा चिकट पदार्थ. बुरशीच्या मरीत अशी धार येत नाही.

या राल्स्टोनियाचं आपल्या विषयाशी थेट नातं आहे. त्याचे टाइप फोर पिलाय बिघडवले तर तो सरकत नाही, बाहेरचा डीएनए घेत नाही आणि झाडाला रोगही कमी करतो. तिन्ही गोष्टी एकाच तंतूवर टांगलेल्या आहेत हे २००२ साली प्रयोगांनी दाखवलं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते वाण जपायचं तर त्याच वावरात वर्षानुवर्षं वांगी, टोमॅटो, मिरची अशी एकाच कुळातली पिकं फिरवू नयेत, कारण राल्स्टोनिया मातीत तग धरून असतो. मेलेली झाडं बांधावर न टाकता वावराबाहेर नष्ट करा.

कपाशीच्या पानांवर शिरांनी अडवलेले कोनाकोनाचे ठिपके पडतात, तो झँथोमोनास. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पर्णरंध्रांतून आत शिरतो, बियाण्यातूनही येतो. केळीची कंदकूज करणारा पेक्टोबॅक्टेरियम मुख्यतः कशाभिकांवर पोहतो, म्हणून तुंबलेलं पाणी त्याला फावतं. लागवडीनंतर बुंध्याशी पाणी साचू देऊ नका हा सल्ला त्यामुळेच.

१३. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू यामुळेच वाढतात का?

काही अंशी. प्रतिकाराचा प्रसार सर्वांत जास्त प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं सुटं वर्तुळ) आणि कॉन्जुगेशनमधून होतो (प्रश्न ११). पण नैसर्गिक ट्रान्सफॉर्मेशनचे ठसठशीत दाखले आहेत. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसचे जीन तपासले तर त्यात घशातल्या दुसऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचे तुकडे जोडलेले सापडतात. गनोरियाच्या जिवाणूनेही घशातल्या निरुपद्रवी नायसेरियाकडून असेच तुकडे उचलले आहेत. म्हणजे ज्या जंतूसाठी औषध घेतलं नव्हतं, तो औषधाच्या माऱ्याखाली बदलतो, आणि त्याचा डीएनए पुढे रोगजंतूच्या हाती लागतो.

म्हणून सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणणं, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या घेणं, आणि प्रत्येक करप्यावर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचं मिश्रण फवारणं या सवयी मला मनापासून खुपतात. करपा बुरशीचा असेल तर त्या फवारणीचा पिकाला काडीचा उपयोग नाही, मातीतल्या जिवाणूंवर दाब मात्र पडतो.

१४. मेहरूण तलावाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पिलाय दिसतील का?

पिलाय दिसणार नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर आहे. त्यांची चाल मात्र दिसू शकते. लटकता थेंब करून पाहिलात तर सरळ सुसाट जाणारे जिवाणू कशाभिकांवर पोहत असतात. जागच्या जागी थरथरणारे बहुधा फक्त पाण्याच्या रेणूंचे धक्के खात असतात, त्याला ट्विचिंग समजू नका. खरं ट्विचिंग काचेला चिकटलेल्या पेशींत शोधायचं, तेही मिनिट-दोन मिनिटं नजर न हलवता.

१५. कॉलेजच्या लॅबमध्ये ट्विचिंगचा प्रयोग करता येईल का?

येईल, शिक्षकांच्या देखरेखीखाली. सुडोमोनास एरुजिनोसा नेहमी वापरतात, पण जखम, डोळा आणि कमजोर प्रतिकारशक्तीच्या माणसांत तो रोग करतो. हातमोजे, निर्जंतुक विल्हेवाट हे सगळं पाळावंच लागतं. घरी किंवा शाळेत हा प्रयोग करू नका.

एक टक्का आगरची पातळ प्लेट ओता, प्लास्टिकची. निर्जंतुक टूथपिकवर वसाहतीतला ठिपका घ्या आणि टूथपिक आगरमधून सरळ खाली, प्लास्टिकच्या तळाला टेकेपर्यंत खुपसा. ३७ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. वर एक लहान वसाहत येईल, तिच्याकडे पाहू नका. प्लेट उलटी करून उजेडाकडे तिरपी धरा: आगर आणि प्लास्टिक यांच्या मधल्या फटीत दुधी काचेसारखं पातळ वलय पसरलेलं दिसेल. आगर अलगद सोलून काढा, तळावर क्रिस्टल व्हायोलेट ओता, धुवा. जांभळा गोल उरतो, त्याचा व्यास मोजा. पिल-टी नसलेला वाण शेजारी लावता आला तर त्याखाली फक्त टूथपिक टेकली तेवढाच ठिपका राहतो.

१६. सगळं बरोबर करूनही वलय आलं नाही. कुठे चुकलं?

हा प्रश्न दरवर्षी एप्रिल-मे मध्ये येतो. कारणही बहुधा तेच असतं: आपला उन्हाळा.

ट्विचिंगला ओलसर फट लागते. प्लेट ओतून ती नेहमीसारखी तासन्‌तास सुकवत ठेवली, किंवा कोरड्या हवेत दोन दिवस उबवली, की आगर आकसतं आणि तळाशी पाण्याचा थर राहत नाही. तंतू असतात, पण पेशी सरकत नाही. ओतलेली प्लेट त्याच दिवशी वापरा आणि झाकणबंद डब्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवून उबवा.

दुसरं कारण फार कमी जण तपासतात. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. भुसावळ-जळगावकडे खोलीतच पारा ४२ वर गेला असेल तर काटा ३७ वर लावला तरी आत ४२ च्या वरच राहणार. आत थर्मामीटर ठेवून दुपारी वाचा. गरज पडली तर प्रयोग डिसेंबरवर ढकला.

आगर टूथपिकने तळापर्यंत छेदलं गेलं होतं ना, हेही पाहा.

१७. पिलस जास्त तर हालचाल जास्त, असं म्हणायचं का?

उलट घडू शकतं. पिल-टी नसलेल्या जिवाणूच्या अंगावर तंतूंची गर्दी असते, कारण बाहेर आलेला तंतू परत जात नाही. आणि तो जागचा हलत नाही. महत्त्व तंतूंच्या संख्येला नाही, आखडण्याला आहे. डीएनए घेण्यातही हेच: अशा वाणांत ते प्रमाण फार खाली येतं. व्हिब्रिओत मात्र ते अगदी शून्यावर येत नाही, कारण तिथे पिल-टी शिवायही तंतू हळूहळू, कमी जोराने आखडतो.

१८. मग हालचाल आणि डीएनए घेणं नेहमी जोडीनेच जातं का?

नाही, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नायसेरियातून कॉम-पी काढून टाकलं तर पिलाय तयार होतात, जिवाणू सरकतो, पण डीएनए घेण्याची क्षमता जवळजवळ जाते. म्हणजे दोर आणि ओढ शाबूत, टोकाची डीएनएवरची पकड गेली. व्हिब्रिओत तर कामंच वाटून दिलेली आहेत: त्याला तीन तऱ्हेचे टाइप फोर पिलाय आहेत. एक आतड्यात वसाहत करताना लागतो, एक पृष्ठभागाला चिकटताना, आणि डीएनए ओढतो तो तिसरा. पाण्यात पोहण्यासाठी त्याला कशाभिका वेगळी आहेच.

१९. पिलस नसेल तर डीएनए घेताच येत नाही का?

येतो, अपवाद आहेत. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी टाइप फोर पिलस वापरत नाही. त्याने कॉन्जुगेशनच्या गोतातली यंत्रणा, कॉम-बी, या कामाला लावली आहे. बॅसिलस सबटिलिस पिलसच्याच घटकांपासून बनलेली छोटी रचना वापरतो. आतल्या पटलातलं कॉम-ईसी मात्र या दोघांतही आहे.

लॅबमध्ये कॅल्शियम क्लोराइड आणि ४२ अंशांचा झटका देऊन आपण ई. कोलायमध्ये प्लाझ्मिड घालतो. त्याचा पिलसशी काही संबंध नाही, ते नैसर्गिक ट्रान्सफॉर्मेशनही नव्हे.

२०. पिलस इतका उपयोगी आहे, तर काही जिवाणू तो सोडून का देतात?

कारण बाहेर लटकणारा तंतू शत्रूच्याही हाती लागतो. जिवाणूंना मारणारे अनेक फाज विषाणू पिलसलाच चिकटतात आणि तो आखडला की पेशीजवळ पोहोचतात. अशा फाजच्या माऱ्यात पिलस नसलेले, किंवा तो आखडता न येणारे जिवाणू वाचतात. लॅबमध्ये फाजला दाद न देणारी सुडोमोनासची वसाहत मिळाली की म्हणूनच तिचं ट्विचिंग तपासतात, आणि पुष्कळदा ते गेलेलं असतं.

प्रत्येक वेळी तोटाच होतो असंही नाही. १९९६ साली वॉल्डर आणि मेकॅलानोस यांनी दाखवलं की कॉलऱ्याच्या विषाचे जीन एका फाजवर असतात, आणि तो फाज व्हिब्रिओत शिरतो तो आतड्यात वसाहत करायला लागणाऱ्या पिलसच्या वाटेने (प्रश्न १८ मधला पहिला). तो पिलस नसलेल्या व्हिब्रिओला हा फाज मिळत नाही, आणि फाजशिवाय कॉलऱ्याचं विष त्याला तयार करता येत नाही.